ढोल्या गणपतीच्या पाठीमागे : वाईच्या घाटांवर मुलांबरोबर केलेलं नदीचं चित्रकाम

वाईत चित्रकलेच्या तासाला मुलांना ‘नदीकाठचं देऊळ’ काढायला सांगितलं, की बहुतेकांच्या कागदावर एकच चित्र उमटतं. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खाचेत सूर्य, खाली निळीशार नागमोडी नदी आणि काठावर झेंडा लावलेलं इवलंसं देऊळ. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या स्मरणचित्राला एवढं चालून जातं, श्रेणीही मिळते. पण ही मुलं कृष्णाकाठची आहेत. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड अशा सात घाटांच्या गावात ती वाढली आहेत. तरी त्यांच्या चित्रातल्या नदीला एकसुद्धा पायरी नसावी, हे मला फार सलत होतं.

त्यातून हे काम उभं राहिलं. दिवाळीच्या सुटीत सुरू झालं आणि पुढे माघ संपेपर्यंत शनिवार-रविवारी चालत राहिलं. आठवी ते अकरावीची वीस-बावीस मुलं-मुली, मी, इतिहास शिकवणारे एक सहकारी आणि घाटालगत राहणारी काही वडीलधारी माणसं, एवढा आमचा मेळा. वर्ग घाटावरच भरायचा. नदीच्या वारशावर व्याख्यान द्यायचं नाही, मुलांनी एका जागी बसून, निरखून, कागदावर उतरवून तो शोधायचा, असं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. दुसऱ्या गावांतल्या शिक्षकांना, मंडळांना उपयोगी पडेल म्हणून ही हकीकत तपशिलाने लिहिते आहे.

गाव आणि नदी

कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, धोमच्या धरणात थांबते आणि मेणवलीवरून वाईत येते. इथून पुढे कर्नाटक, तेलंगणा, आंध्र असा प्रवास करत उगमापासून सुमारे १,४०० किलोमीटरवर बंगालच्या उपसागराला मिळते. वाईकरांना ती कृष्णाबाई. माघापासून आळीपाळीने एकेका घाटावर मांडव पडतो आणि कृष्णाबाईची स्थापना होते. कीर्तनं, आरत्या, महाप्रसाद असा प्रत्येक आळीचा स्वतंत्र उत्सव असतो. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी नदीला बोललेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, असं परंपरा सांगते. गुरू कन्या राशीत आला की बारा वर्षांनी कन्यागत येतं आणि गंगा कृष्णेला भेटायला येते, ही श्रद्धा. मागचं कन्यागत २०१६ मध्ये झालं. यातलं बरंच मुलांना घरातूनच ठाऊक होतं.

बांधकामाविषयी मात्र कुणाला काही सांगता येईना. घाट कुणी बांधले, असं विचारल्यावर उत्तर आलं, ‘पूर्वीपासून आहेत.’ वाईच्या घाटांचं आणि देवळांचं आज दिसणारं रूप मुख्यतः अठराव्या शतकातलं, पेशवाईतलं. त्यात रास्ते घराण्याचा वाटा मोठा. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या रास्त्यांच्या कन्या. काशीविश्वेश्वराचं देऊळ १७५७ चं, ढोल्या गणपतीचं १७६२ चं. ते गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलं. ही सनावळी मी फळ्यावर लिहून दिली असती तर वहीत उतरली असती आणि तिथेच राहिली असती.

पाठीमागची भिंत

पहिलं काम दिलं ते ढोल्या गणपतीच्या देवळाचं. अट एवढीच, की देऊळ मागच्या बाजूने काढायचं. समोरून ते सगळ्यांच्या हाताला सरावलेलं. गणपतीची ती अवाढव्य मूर्ती, मंडप आणि वरचं शिखर मुलं डोळे मिटून काढतात. मागे गेल्यावर नववीतला एकजण वैतागलाच. “बाई, हितं काय काढायचं? मागं निस्ती भिंतच हाय.”

भिंतच काढ, म्हटलं. सगळ्यांनी सरळ उभ्या-आडव्या रेषा मारल्या आणि पाच मिनिटांत चित्रं पुरी करून टाकली. मग मी त्यांना जागा बदलायला लावल्या. डावीकडचे उजवीकडे गेले, उजवीकडचे डावीकडे. आता आधीची रेषा जुळेना. आठवीतली एक मुलगी खोडरबराने कागद भोक पडेपर्यंत खोडत होती. शेवटी उठली, भिंतीला हात लावून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चालत गेली आणि तिथूनच ओरडली, “ही सरळ नाहीच आहे! दोन्हीकडून निमुळती होत आलीय आणि मधे टोक आहे.”

मग सुतळी काढली. दोघांनी ती भिंतीलगत धरली, बाकीच्यांनी वरून पाहिल्यासारखा आकार कागदावर मांडला. निमुळतं टोक, फुगीर कडा. कागदावर माशाचं तोंड दिसू लागलं. वाईत या देवळाच्या मागच्या बाजूला मत्स्याकार म्हणतात, पण मुलांनी तो शब्द ऐकण्याआधी आकार शोधला होता, आणि मला तेच हवं होतं. असं का बांधलं असेल? कुणी म्हणालं मत्स्यावतार असेल, कुणी म्हणालं शोभेसाठी. अकरावीचा एक मुलगा म्हणाला, होडीसारखं दिसतंय.

खालच्या अंगाला, पाणी घोट्याएवढं होतं तिथे गेलो. वाळूत एक वीट प्रवाहाला आडवी, सपाट बाजू समोर धरून रोवली. तिच्याशेजारी दुसरी वीट, पण कोपरा प्रवाहाकडे. सपाट विटेपुढे पाणी थबकून चढलं, वाहून येणारी पानं, काटक्या तिला अडकू लागल्या आणि थोड्या वेळात तिच्या बुडाची वाळू उकरली जाऊन वीट कलली. कोपरा समोर असलेल्या विटेपाशी पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जात होतं. पुलाच्या खांबाला प्रवाहाकडून टोक काढतात, त्यामागेही हेच कारण. नदीच्या पात्राला खेटून देऊळ बांधायचं, तर पूर येणार हे गृहीत धरून बांधायचं, हा १७६२ चा हिशेब मुलांना विटांनी समजावला.

जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाबळेश्वरला २४ तासांत ५९० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. वाई तालुक्यात दरडी कोसळल्या, माणसं गेली. या मुलांनी तो पाऊस पाहिलेला आहे. त्या पावसात घरचे घाटाकडे जाऊ देत नव्हते, हे त्यांना आठवत होतं. म्हणून पुढच्या वेळी मी एकच प्रश्न दिला : पाणी कुठवर आलं होतं? मुलं आळीत गेली आणि म्हाताऱ्या माणसांना हात धरून घेऊन आली. एका आजींनी ओवरीच्या खांबावर बोट ठेवलं, शेजारच्या काकांनी त्याच्या वर हातभर. दोघांचं तिथेच जुंपलं, कारण दोघांच्या मनात वेगवेगळी सालं होती. मुलांनी दोन्ही खुणांवर निळ्या चिंध्या बांधल्या आणि त्यांना सुतळ्या जोडत घाटभर नेल्या. आपल्या डोक्यावरून जाणाऱ्या त्या दोरीखाली उभं राहून मुलांनी मग देवळाचं पुन्हा चित्र काढलं. या खेपेला डोंगर आणि सूर्य कुणाच्याच कागदावर आले नाहीत.

दगडाला रंग लावायचा नाही

कामाची बातमी गावात पसरली तशी सूचनाही येऊ लागल्या. सगळ्यांत जास्त वेळा आलेली सूचना अशी, की घाटाच्या भिंतींवर पोरांकडून नदीची चित्रं रंगवून घ्या. रंगाचे डबे द्यायला एकजण तयार होते. घाट उठून दिसेल, येणारे-जाणारे फोटो काढतील, असं त्यांचं म्हणणं. हेतू चांगलाच होता. तरीही मी ठाम नकार दिला, आणि हा नकार या सगळ्या कामातला मला सर्वांत महत्त्वाचा निर्णय वाटतो.

जुन्या दगडी बांधकामाला ऑइलपेंट किंवा अॅक्रिलिकचा थर दिला, की सांध्यांतल्या चुन्याला श्वास घेता येत नाही. आत मुरलेली ओल बाहेर पडायला वाट शोधते, क्षार वर येतात, रंगाला फुगे येऊन पोपडे सुटतात आणि पोपड्याबरोबर चुनाही निघतो. मग रंग काढायला कुणीतरी अॅसिड नाहीतर वाळूचा फवारा आणतं आणि पाथरवटाच्या टाकीचे घाव कायमचे पुसले जातात. अठराव्या शतकातल्या लोकांना भित्तिचित्रांची हौस नव्हती असं थोडंच आहे! वाईत रास्त्यांच्या मोतीबागेत आणि मेणवलीत नाना फडणवीसांच्या वाड्यात ती आजही पाहायला मिळतात. पण ती आतल्या भिंतींवर, चित्रासाठी मुद्दाम घोटून केलेल्या गिलाव्यावर आहेत. घाटाचा दगड त्यांनी उघडाच ठेवला, त्यावर काही करायचं तर कोरायचं. मेणवलीला नेऊन हा फरक मुलांना डोळ्यांनी दाखवला. तिथल्या घाटावर टांगलेली मोठी घंटाही त्यांनी काढली. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूसह मेरीची आकृती आहे. १७३९ च्या वसई मोहिमेनंतर पोर्तुगीजांच्या चर्चची घंटा कृष्णेच्या काठी शंकराच्या देवळाजवळ आली, हे ऐकून मुलांनी प्रश्नांचा भडिमार केला. माझ्या सहकाऱ्यांचा तो सबंध दिवस त्यातच गेला.

मग घाटावर काय करायचं? जे धुऊन जाईल ते. रांगोळी, गेरू, कोळसा, नदीची माती आणि नुसतं पाणी. दुपारी पायऱ्या तापल्या, की मुलांना डबाभर पाणी आणि एकेक कुंचला द्यायचा आणि त्या पाण्याने पायरीवर चित्र काढायला लावायचं. चित्र दोन-तीन मिनिटांत वाळून जातं. म्हणजे खोडायला वाव नाही, थबकायला वेळ नाही. पाण्यात उतरणारी म्हैस, धुणं आपटणारा हात, खंड्याची झेप यांतली ठळक रेघ तेवढी उचलायची. भीत भीत रेघोट्या ओढणाऱ्या मुलांचा हात या खेळाने जेवढा सुटला, तेवढा वर्षभराच्या तासांनी सुटला नव्हता.

याच खेळात आणखी एक गोष्ट हाती लागली. बसाल्ट कोरडा असला की राखाडी आणि मुका दिसतो. ओला झाला की काळाभोर होतो आणि त्यावरचे टाकीचे घाव उठून दिसतात. पाण्याने चित्र काढता काढता मुलांना पायरीत तिरप्या घावांच्या रांगा दिसल्या. शेजारच्या पायरीत त्या उलट्या दिशेने तिरक्या होत्या. दोन वेगळे पाथरवट असतील, की एकच जागा बदलून बसला असेल? एक डावखुरी मुलगी म्हणाली, “तो माझ्यासारखा असेल.” तिने खडू हातोड्यासारखा धरून तो घाव हवेत मारून दाखवला. खरं काय ते सांगायला आता कुणी नाही, पण त्या दिवसापासून पायरी म्हणजे कुणीतरी घडवलेली वस्तू झाली. वर नाव नसलेल्या माणसांची ही आठवण मला रास्त्यांच्या नावाइतकीच मोलाची वाटते.

सुरक्षिततेचं थोडक्यात सांगते. धोममधून पाणी सोडणार असतील तर त्या दिवशी घाटावर जायचं नाही, हा पहिला नियम. पाण्याला टेकलेल्या शेवटच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तिथे कुणी बसायचं नाही. विटांच्या प्रयोगासारखं काही असलं, की पोहणारी दोन मोठी माणसं सोबत. देवळाच्या आवारात काही करण्याआधी पुजाऱ्यांना आणि विश्वस्तांना विचारायचं. पालकांची लेखी संमती घेतली होतीच.

हळदीचं फडकं

वाई हळदीचं गाव. त्यामुळे पिवळा रंग बाजारातून आणायचा प्रश्नच नव्हता. घरची हळद पाण्यात कालवून मांजरपाटाच्या तुकड्यांवर मुलं रंगवत होती. दहावीतल्या एका मुलीने आपलं फडकं वाळायला म्हणून बायका धुणं धुतात त्या दगडावर पसरलं. उचललं तेव्हा पिवळ्या रंगावर विटकरी-लाल डाग पडले होते. चित्र बिघडलं म्हणून ती रडकुंडीला आली. तेवढ्यात धुणं धूत असलेल्या एक मावशी हसून म्हणाल्या, “अगं, हळदीला सोडा लागला की कुंकू व्हतंय.”

मावशींचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. हळदीतलं कर्क्युमिन अल्कधर्मी पदार्थाशी गाठ पडली, की लालसर होतं. हळदीला चुन्याची निवळी देऊन कुंकू करायची जुनी रीत याच गुणावर चालते. धुण्याचा साबण, पावडर, सोडा हे सगळं अल्कधर्मी. मुलांना आता खेळच मिळाला. हळदीच्या चिंध्या घेऊन ती घाटभर फिरली, जिथे पाणी साचलं असेल तिथे चिंधी टेकवायची आणि रंग पाहायचा. दोन-अडीच तासांत एक विलक्षण नकाशा तयार झाला. धुण्याच्या दगडांलगतच्या डबक्यांत चिंध्या लाल, वाहत्या धारेत पिवळ्या.

इथे शिक्षकाने जपून बोलायला हवं. वाहत्या पाण्यात चिंधी पिवळी राहिली म्हणजे पाणी शुद्ध, असा अर्थ होत नाही. मोठ्या प्रवाहात साबण इतका विरळ होतो की हळदीला तो कळतच नाही, आणि मैल्याची तर हळदीला काही खबरच लागत नाही. मुलांना हे स्पष्ट सांगितलं. तरीसुद्धा गावच्या शेतातल्या हळदीने गावच्या नदीबद्दल काही सांगावं, याने मुलं हरखून गेली होती. पुढच्या आठवड्यात ती मुलगी आईला घेऊन आली आणि कुठल्या दगडावर किती लाल, ते दाखवू लागली. आई म्हणाली, मग धुवायचं कुठं? घरी नळाला पाणी कधी येतं ते तुझ्या बाईंना सांग. या प्रश्नाला माझ्याकडे सोपं उत्तर नव्हतं. धुणारणीला गुन्हेगार ठरवून नदी वाचत नाही, हे मी मुलांना सांगितलं आणि मावशींनाही चित्रात जागा द्यायला लावली.

जाता जाता एक अनुभव. हळदीचा पिवळा उन्हाने लवकर उडतो. गेरू मात्र टिकतो, कारण तो लोहाचा ऑक्साइड. उघड्यावरच्या कामात हळद शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवावी.

आमच्या वस्तीचा घाट कुठला?

मुलांना गटांत वाटताना मी आळ्यांचा आधार घेतला. ज्याची आळी त्याचा घाट. गंगापुरीची मुलं गंगापुरीच्या घाटावर, रामडोहाची रामडोहावर. नावं पुकारत असताना एक मुलगा तसाच उभा राहिला. तो गावाबाहेरच्या वस्तीत राहतो. म्हणाला, “बाई, आमच्या वस्तीचा घाट कुठला?”

कुणी काही बोललं नाही. माझ्या सहकाऱ्यांनी मग तिथेच पायरीवर बसून मुलांशी मोकळेपणाने बोलायला सुरुवात केली. नदी सगळ्यांची म्हणतात, पण महाराष्ट्रात पाणवठे जातीजातींत वाटलेले होते, कुणी कुठे पाणी भरायचं हे ठरलेलं होतं. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याला हात लावण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. देखणे दगडी घाट ज्यांनी बांधवून घेतले त्यांची नावं राहिली, त्या दगडांशी ज्यांना येऊ दिलं नाही त्यांची नदी कुठली होती, हा प्रश्नसुद्धा वारशाचाच आहे. वारशाच्या कार्यक्रमांतून तो हमखास गाळला जातो आणि त्यामुळे ते कार्यक्रम पोकळ वाटतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या मुलाला मी विचारलं, तुमची माणसं नदीवर कुठे जातात? त्याने खालच्या अंगाची एक जागा सांगितली. आम्ही सगळे तिथे गेलो. बांधीव असं काही नाही, मातीची उतरण, करंजाची झाडं, म्हशींच्या खुरांनी पडलेली वाट. त्याच्या आजोबांनी तिथली नावं सांगितली : म्हशी कुठे बसतात तो डोह, पोरं उडी मारतात तो खडक, मासे गळाला लागतात ती जागा. यांपैकी एकही नाव छापील नकाशात नाही. मुलांनी ती सगळी आपल्या नकाशात घातली. सात घाटांच्या गावातला आठवा गट तिथे बसला आणि खरं सांगायचं तर सर्वांत जिवंत चित्रं तिथूनच आली.

मुलींबद्दलही लिहायला हवं. मुलगे घाटावर हवे तेव्हा जातात, पोहतात, टवाळक्या करत बसतात. मुली देवदर्शनाला नाहीतर धुण्याला. नुसतं बसायला मुलगी घाटावर गेली तर ‘काय काम आहे?’ म्हणून विचारणारे चौघे भेटतात. हातात चित्राचा फळा असला की कुणी विचारत नाही. काही आठवड्यांनंतर दोघी-तिघी आमचा वर्ग नसतानाही फळे घेऊन घाटावर बसलेल्या दिसू लागल्या.

नाल्याचं चित्र

एका मुलाने घाटाशेजारी नदीला मिळणारा नाला काढला. बाकी चित्र पेन्सिलीचं, नाला मात्र कोळशाने गच्च भरलेला, इतका की बोट लावलं तर काळं व्हावं. त्यात तरंगणाऱ्या पिशव्या आणि कडेला निर्माल्याचा ढीग. चित्रं दोरीवर लावली तेव्हा ते पाहून एक बुजुर्ग गृहस्थ फार दुखावले. कृष्णाबाईचं असं चित्र लावू नका, गावाची बदनामी होते, बाहेरचे लोक काय म्हणतील, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा राग खोटा नव्हता. पहाटे नदीला नमस्कार करून ज्यांचा दिवस सुरू होतो, त्यांना ते चित्र बोचणारच.

चित्र काढून ठेवा, असं मुलाला सांगणं मला सोपं होतं. मी सांगितलं नाही. मी त्या आजोबांनाच विनंती केली, की तुमच्या लहानपणी हा नाला कसा होता ते या मुलाला सांगा. ते बोलू लागले. तिथे ओढा होता, पावसाळ्यात फेसाळत यायचा, उन्हाळ्यात आटायचा. पोरं त्यात खेकडे पकडायची. घरं वाढली तसं सांडपाणी त्यात सोडलं गेलं. मुलाने ऐकता ऐकता नवा कागद घेतला आणि त्यांच्या सांगण्यावरून ओढा काढला, खेकड्यांसकट. खेकड्याच्या नांग्या चुकल्या तेव्हा आजोबांनी पेन्सिल घेऊन त्या स्वतः दुरुस्त केल्या. शेवटी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लागली. आजोबांना पहिलं चित्र अजूनही आवडत नाही, तसं ते सांगतातही. नाला आजही नदीत येतो. चित्राने नाला बंद होत नाही आणि तसं आश्वासन मुलांना देऊ नये, असं मला वाटतं.

कापडावरची नदी

सगळ्या गटांचं काम मांजरपाटाच्या एका लांबलचक पट्ट्यावर एकत्र आणलं. एका टोकाला धोम, मग मेणवलीचा घाट, मग वाईचे सात घाट, शेवटी खालच्या अंगाचा तो डोह. नदीचा प्रवाह गेरू आणि कोळशाचा, शेतं हळदीची. माघात एका आळीच्या उत्सवात मांडवाजवळ ही पट्टी बांबूंना बांधून लावायला मंडळाने आनंदाने जागा दिली.

मला वाटलं होतं लोक येतील, बघतील, शाबासकी देतील. झालं ते फार निराळं. आरतीला आलेल्या बायका पट्टीपुढे थांबल्या आणि चुका काढू लागल्या. “इथं पिंपळ होता तो कुठाय?” “हौद या बाजूला नव्हता गं, त्या बाजूला.” “आम्ही नव्या नवरीला ओटी भरायला इथं आणायचो, ही पायरी.” मुलांनी कोळसे हातात घेतले आणि सांगतील तसं जागच्या जागी लिहायला, काढायला सुरुवात केली. एका आजींना नीट दिसत नव्हतं. त्यांनी नातीला हाताला धरून पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालवत नेलं आणि कुठल्या घाटावर काय होतं ते पाठ असल्यासारखं सांगत गेल्या. नात मागे मागे लिहीत होती. उत्सव संपला तेव्हा पट्टीवर चित्रापेक्षा अक्षरं जास्त झाली होती, आणि माझ्या दृष्टीने काम इथे सफल झालं.

या अनुभवावरून मी आता कुठल्याही गावाला हेच सुचवेन, की प्रदर्शन ‘पूर्ण’ करून लावू नका. अर्धं लावा, शेजारी कोळसा ठेवा. चौकटीत काचेआड बसवलेल्या चित्राला कुणी दुरुस्त करत नाही. खर्चही नाममात्र येतो. आमचा मोठा खर्च कापडाचा, बाकी गेरू, सुतळी, बांबू. रंगपेट्या कुणी विकत आणल्या नाहीत.

जमलं नाही तेही नोंदवते. अकरावीची मुलं परीक्षा आणि क्लास यांमुळे मध्येच गळाली. काहींना मोबाइलवर फोटो काढून घरी चित्र करायची सवय लागली. फोटोवरून केलेल्या चित्रात टाकीचा घाव कधीच येत नाही, म्हणून पुढे फोटोला बंदी केली. शाळेच्या वेळापत्रकात हे काम बसत नाही, ते सुटीच्या दिवशीच करावं लागतं आणि त्यासाठी शिक्षकाच्या घरच्यांचाही आधार लागतो.

पट्टी सध्या शाळेच्या कपाटात आहे. वाळवी लागू नये म्हणून मुलींनी तिच्या घडीत कडुनिंबाचा पाला घातला आहे. तिच्यावरच्या नोंदी एका वहीत उतरवून घेण्याचं काम नववीच्या दोघांनी अंगावर घेतलं आहे. ज्या ठिकाणी दोन माणसांनी दोन गोष्टी सांगितल्या, तिथे दोन्ही लिहायच्या, असं ठरलंय. पुढचं कन्यागत २०२८ मध्ये येईल, तेव्हा घाटांवर मोठी गर्दी होईल, रंगरंगोटीचे बेत पुन्हा निघतील. त्याआधी सातही घाटांच्या पायऱ्या, ओवऱ्या, कोरीव खुणा आणि पुराच्या रेषा मोजून, काढून ठेवायच्या असं मुलांनी ठरवलं आहे. येत्या दिवाळीत गंगापुरीपासून सुरुवात आहे. खालच्या डोहावरच्या आजोबांनीही निरोप पाठवलाय, की म्हशी दुपारी तीनला पाण्यात उतरतात, त्या वेळेला या.